नाताळसण

चाकूरचं लग्न उरकून आल्यापासून रेवणप्पा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. आडतीत नव्या तुरीची आवक सुरू झाली होती, पोत्यांच्या थप्प्या छताला टेकायला आल्या होत्या, आणि मालक गादीवर बसून नुसते स्वतःचे कान चाचपून बघत होते.

त्याला कारणही तसंच घडलं होतं. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी मडिवाळप्पा बसले. उदगीरच्या बाजारात दोघांच्या आडती समोरासमोर, आणि तीस वर्षांत एकानं पाटी रंगवली की दुसऱ्यानं दिवे लावायचे, असं चाललेलं. पोळीवर तूप ओतून घेता घेता मडिवाळप्पा म्हणाले, "रेवणप्पा, नातू मात्र तुमच्यावरच गेलाय बगा. कान तर लई हुबेहूब."

"कुटं बघितलाव तुमी?"

"आमच्या सुनेच्या मोबाईलवर. का? तुमी बघितला न्हाई?"

रेवणप्पांनी बघितला नव्हता. दोन वर्षांपूर्वी अंजूनं नांदेडला शलमोनशी नोंदणी करून लग्न केलं, तेव्हाच त्यांनी जाहीर केलं होतं की पोरीचा आणि आपला संबंध संपला. पोरगा शाळेत मास्तर होता, सुपारीचं खांडही खात नव्हता, पण ख्रिस्ती होता. मग ना मांडव, ना अक्षता, ना पहिल्या वर्षाचा दिवाळसण. सप्टेंबरात अंजूला मुलगा झाला आणि पेढ्यांचा डबा आला, तो रेवणप्पांनी आणणाऱ्याच्याच हाती, झाकण न उघडता परत पाठवला. त्या दिवसापासून अंजूही बोलायची थांबली. आधी ती दर सोमवारी फोन करायची. बाप उचलायचा नाही, पण वाजतोय हे त्याला कळायचं. आता फोन वाजतही नव्हता.

तिसऱ्या दिवशी जेवताना रेवणप्पांनी भाकरीचा तुकडा हातात धरून सांगितलं, "पंचवीस तारखेला नांदेडला जायचं. सगळ्यांनी. नाताळसण करायचा हाय."

बायको गुरम्मा वाढता वाढता थांबल्या. "काय करायचं?"

"नाताळसण. जावयाचा पयला सण करावा लागतो. आपला दिवाळसण ऱ्हायला. त्यांची दिवाळी म्हंजे नाताळ. मंग नाताळसण करायचा. ह्यात कुनाची मनधरनी न्हाई, कुनापुढं वाकनं न्हाई. रीत हाय, रीत करून यायची."

थोरल्या बहिणीनं, मल्लम्माअक्कानं, ताटावरून मान वर केली. अक्का पंच्याहत्तरीच्या, कपाळावर तीन बोटं भस्म, आणि बाहेरच्या घरचं पाणीसुद्धा न घेण्याबद्दल चार गल्ल्यांत प्रसिद्ध. रेवणप्पांना वाटलं, आता स्फोट होणार. पण अक्का म्हणाल्या, "म्या बी येते. कुनीतरी सोवळ्याचं संगं पायजे."

"आन् तुजी दाढ?" रेवणप्पांनी गुरम्मांना विचारलं. गुरम्मांची एक दाढ सप्टेंबरपासून दुखत होती आणि तिच्यासाठी त्यांना दर पंधरा दिवसांनी नांदेडच्या डॉक्टरकडे जावं लागत होतं. उदगिरात दातांचे इतके दवाखाने असताना नांदेडच कशाला, हे रेवणप्पांना कळत नव्हतं. पण बायकोच्या तोंडात डोकावून बघायची त्यांना सवय नव्हती.

"आता जरा उतार हाय," गुरम्मा म्हणाल्या आणि घाईनं आत गेल्या.

तयारी सुरू झाली. नाताळात काय देतात हे विचारायला रेवणप्पांनी मुलाला, रविकिरणला, बोलावलं. रविकिरणनं मोबाईलवर चित्रं दाखवली. प्रत्येक चित्रात लाल टोपी घातलेला, पांढऱ्या दाढीचा, पोट सुटलेला म्हातारा हसत होता.

"ह्यो त्यांचा देव?"

"न्हाई अप्पा, ह्यो... भेटी वाटतो."

"म्हंजे यजमान. हसून राहिलाय कसा बग. ह्याला बी एक उपरणं घ्या."

पंचवीसला पहाटे एक क्रूझर आणि एक टेम्पो निघाला. क्रूझरमध्ये घरची माणसं, जावयाचा सफारीचा कपडा, चांदीचं ताट-वाटी, पोतंभर तूरडाळ, आणि त्या म्हाताऱ्यासाठी उपरणं. टेम्पोत उदगीरचा बँड. बँडची कल्पना रेवणप्पांची एकट्याची होती. आपण चोरासारखं गेलो असं कुणी म्हणायला नको. मुखेड मागं पडलं, कंधार मागं पडलं, आणि रेवणप्पा खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत राहिले. ते भाषण पाठ करत होते. अंजू दारात येईल, पाया पडेल, रडेल. मग आपण म्हणायचं: "रीत म्हनून आलो हाय. मागचं काढायचं न्हाई. असू दे." 'असू दे' म्हणताना हात किती वर न्यायचा, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

साडेनऊला ते नांदेडच्या त्या गल्लीत पोचले. घर लहानसं, दारावर कागदाची मोठी चांदणी, अंगणात पपईचं झाड. बँडवाल्यांनी टेम्पोतून उतरल्या उतरल्या वाजवायला सुरुवात केली. त्यांना वरातीचीच गाणी येत होती, म्हणून त्यांनी वरातीचं वाजवलं. रेवणप्पांनी पागोटं सरळ केलं आणि छाती काढून दारासमोर उभे राहिले.

दार उघडलं ते अंजूनं नव्हे. तिच्या सासूबाई, ज्योत्स्नाबाई, दारात होत्या. मिशनच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं बाळंतपणं केलेल्या, आता निवृत्त झालेल्या सिस्टर. पदर खोचलेला, कोपरापर्यंत पीठ, आणि खांद्यावर तीन महिन्यांचं पोर.

"सलाम, या या!" बँडच्या वरताण आवाज काढून त्या म्हणाल्या. "सगळी चर्चला गेलीत. जरा धरा हो याला, माझं दूध उतू चाललंय!"

आणि रेवणप्पांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या हातांवर पोर ठेवून त्या आत पळाल्याही.

भाषण घशातच राहिलं. हातांत तांदळाच्या पुरचुंडीएवढं ऊन ऊन ओझं होतं. त्यानं डोळे उघडले, रेवणप्पांच्या पागोट्याकडे गंभीरपणे पाहिलं, आणि त्यांच्या ठेवणीतल्या रेशमी शर्टावर गुळणीभर दूध काढलं. रेवणप्पांनी मदतीसाठी इकडं तिकडं बघितलं. पण हात दोन्ही अडकलेले, आणि बँड जोरात. शेवटी त्यांनी फक्त मान वाकवून पोराचे कान पाहिले.

मडिवाळप्पा खोटं बोलला नव्हता.

"आल्या का आजी!" शेजारच्या कठड्यावरून एक बाई गुरम्मांना म्हणाली. "या खेपेला पंधरा दिवसांच्या आतच आलात!"

गुरम्मांनी पदर तोंडावर घेतला. रेवणप्पा हळूहळू वळले. बँडचा एक तुकडा संपेपर्यंत त्यांचा हिशोब जुळून आला. सात वेळा नांदेड. एक दाढ.

"काय गं," ते म्हणाले, "तुजी दाढ ह्या घरात हाय व्हय?"

"मला गाडीनं रविकिरण आनतो," गुरम्मा म्हणाल्या. असं सांगितल्यानं आपला गुन्हा अर्धा होईल असं त्यांना वाटलं असावं. रविकिरण लगबगीनं बँडवाल्यांकडे गेला आणि त्यांना चिवडा-चहा द्यायला गल्लीच्या टोकाला घेऊन गेला.

मंडळी आत बसली. रेवणप्पांनी पोर परत द्यायचा प्रयत्न केला, पण जिला द्यावं तिचे हात कशात तरी गुंतलेले असायचे. मग ते पोरासकट खुर्चीत बसले आणि आधाराला म्हणून अक्कांकडे बघत म्हणाले, "बगा अक्का, माज्या पाठीमागं काय चाललंय घरात!"

"लई वाईट," अक्का म्हणाल्या.

तेवढ्यात ज्योत्स्नाबाई पाणी घेऊन बाहेर आल्या. "अक्का, हा तुमचा तांब्या. दसऱ्याला आला होतात तेव्हा इथंच राहिला. मी घासून वेगळा ठेवलाय, कुणाचा हात लागू दिला नाही."

अक्कांनी तांब्या घेतला, निवांत पाणी प्यायल्या आणि भावाला म्हणाल्या, "आमचा इम्मू झोपला वाटतं. मान धर त्याची नीट."

"आमचा म्हंजे कुनाचा? आन् इम्मू कोन?"

"इम्मानुएल. नाव हाय त्याचं."

"म्हंजे घरात म्या एकलाच कट्टर ऱ्हायलो व्हय?" रेवणप्पांचा आवाज चढला. पोरानं ओठ काढले. त्यांनी आवाज उतरवला आणि तेच वाक्य कुजबुजत पुन्हा म्हटलं, पण कुजबुजत त्यात काही दम राहिला नाही.

मग त्यांनी आपल्या हातातल्या गोष्टीकडे, म्हणजे रीतीकडे, मोर्चा वळवला. चांदीचं ताट, सफारी, डाळ, सगळं खोलीत मांडायला लावलं. "विहीनबाई, आमी नाताळसण घेऊन आलो हाव. जावयाचं हे सगळं. आन् ह्ये उपरनं तुमच्या त्या दाढीवाल्याला."

"कुठल्या?"

"लाल टोपीवाल्या. यजमानाला."

ज्योत्स्नाबाई इतक्या हसल्या की त्यांना पाटावर बसावं लागलं. "अहो, तो आमचा कोणी नाही. तो दुकानवाल्यांचा. ज्याचा आज सण आहे, तो तिथं आहे." त्यांनी कोपऱ्याकडे बोट केलं.

कोपऱ्यात एका खोक्यावर गोठा मांडला होता. कडब्याचं छप्पर, पोळ्याचे उरलेले दोन मातीचे बैल, एक मेंढी, एक बाई, एक बाप्या, आणि मध्ये गव्हाणीत बोटभर लांबीचं बाळ.

अक्का उठून जवळ गेल्या आणि वाकल्या. "ह्यो तुमचा देव? एवढासा?"

"एवढासाच."

अक्कांनी गळ्यातल्या इष्टलिंगावर सवयीनं हात ठेवला. "आमचा बी तळहातावर मावतो. मोठा देव मला बी झेपत न्हाई. पूजेला हातात घेतला, की कसं, त्यो माज्याकडं बघतो, म्या त्याच्याकडं."

"तुमचा शांत बसतो, अक्का," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "आमचा रडतो. त्याला भूक लागते. कुणी उचललं नाही तर गारठून जाईल."

"कडब्यावर निजवलंय," रेवणप्पांना राहवलं नाही. धान्याच्या माणसाला चूक दिसली होती. "कडबा टोचतो लेकराला. साळीचं मऊ तनीस घालावं लागतंय."

"टोचला असेलच. घरात जागा मिळाली नाही, म्हणून जनावरांत जन्मला."

"आन् देव म्हनता! देवानं राजाच्या घरी यावं. हत्ती-घोडे घेऊन, वाजतगाजत."

"तसा आला असता, तर लोक घाबरून पाया पडले असते आणि लांब उभे राहिले असते." ज्योत्स्नाबाईंनी हात पुसले. त्यांचा आवाज आता दवाखान्यातला झाला होता. बाळंतिणीच्या नातेवाइकांना समजावतानाचा. "मी हजारो लेकरं हातात घेतलीत, रेवणप्पा. लेकरू बाहेर येतं तेव्हा ज्याच्या हातात पडेल, त्याच्या भरवशावर असतं. हात स्वच्छ आहेत का, माणूस कसा आहे, हे ते विचारत नाही. देवानं तसं केलं, असं आम्ही मानतो. माणसं त्याच्याशी बोलायची थांबली होती, पाठ फिरवून बसली होती. चूक माणसांची. तरी यांनी येऊन पाया पडावं म्हणून तो वर वाट बघत बसला नाही. तोच खाली आला. मोठ्यानं आधी वाकायचं. आमचा नाताळ एवढाच, बाकी सगळं करंज्या आणि चांदण्या."

"मोठ्यानं?" रेवणप्पा म्हणाले. "हे उलटं हाय."

"उलटंच आहे."

"आन् ल्हानानं काय करायचं मंग?"

"ते लहानांनी ठरवायचं. मोठ्यानं त्याची वाट बघायची नाही."

रेवणप्पांना ही रीत अजिबात आवडली नाही. तिच्यात त्यांचं पाठ केलेलं भाषण कुठंच बसत नव्हतं. विषय बदलावा म्हणून त्यांनी विचारलं, "सैपाकाचा कसला वास येऊन राहिला? आमी तुमच्यातलं खात न्हाई, आधीच सांगतो."

"तुमच्यासाठी पुरणाचा वेगळा टोप आहे. नवा आणलाय, त्यात दुसरं काही कधी शिजत नाही."

"आमी येनार म्हनून कुनी सांगितलं तुमाला? गुरम्मानं?"

"कुणी नाही. गेल्या नाताळलाही केलं होतं. अंजूच्या माहेरचं कोणी आलं तर उपाशी जायला नको, म्हणून. नाही आलं कोणी. गल्लीत वाटून टाकलं."

गेल्या नाताळला आपण काय करत होतो, हे रेवणप्पांना चांगलं आठवत होतं. आडतीत बसून ते वाजणारा फोन बघत होते. मांडीवरचं पोर झोपेत हसलं, आणि ते हळूहळू मांडी हलवत राहिले.

अकराला फाटक वाजलं. शलमोन आणि अंजू आले. पांढरी साडी, हातात गीतांचं पुस्तक. आईला, आत्याला बघून अंजूचा चेहरा उजळला, आणि खुर्चीत बाप दिसला तसा बंद झाला. ती दारातच थांबली, बापाकडे न बघता म्हणाली, "रविकिरण कुठंय? त्याला म्हणावं गाडी पुढं घे. चर्चची मंडळी फराळाला येतायत." आणि वळून पुन्हा अंगणात गेली.

शलमोन पुढं आला आणि पायाशी वाकला. रेवणप्पांनी मोकळ्या हातानं त्याचा दंड धरला. "थांबा. आज उलटं हाय म्हनतेत तुमची आई."

ते उठले. पागोटं खुर्चीवरच राहिलं. शर्टावर दुधाचा डाग, काखेत पोर, अशा अवतारानं ते तीन पायऱ्या उतरले आणि पपईच्या झाडाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या लेकीजवळ गेले. अंजूनं पाहिलं, पण ती वाकली नाही. हात पुढं केले ते फक्त पोरासाठी. "द्या. भूक लागली असेल त्याला."

रेवणप्पांना आयुष्यात दोन शब्दांचीच सवय नव्हती. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. फाटकाशी चर्चची माणसं जमू लागली होती. त्यांनी आवाज अगदी खाली आणला आणि म्हणाले, "अंजे, माजं चुकलं."

नेमक्या त्याच वेळी गल्लीच्या टोकाला चिवडा खाऊन ताज्यातवान्या झालेल्या बँडवाल्यांनी एवढी नटलेली माणसं येताना पाहिली आणि वरात आली असं समजून ठोकून दिलं. ताशा तडतडला, तुतारी किंचाळली.

अंजूनं कानाला हात लावला. "काय?"

"माजं चुकलं म्हनलं!"

"काय म्हणताय, अप्पा? ऐकू येत नाही!"

दोन वर्षांनी तिनं 'अप्पा' म्हटलं होतं. रेवणप्पांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि तुरीच्या लिलावात ओरडत तसे ओरडले, "पेढे परत पाठवले, माजं चुकलं! फोन उचलला न्हाई, लई चुकलं! मला माफ कर, माज्या माय!"

रविकिरणनं धावत जाऊन बँड थांबवला होता. ताशा 'पेढे'च्या आधीच बंद पडला होता. सगळं वाक्य स्वच्छ, एकटं, अख्ख्या गल्लीवर पसरलं. फाटकाशी तीस-चाळीस माणसं केकचे डबे धरून स्तब्ध उभी. शेजारची बाई कठड्यावर ओणवून. ओट्यावर गुरम्मा पदरात हुंदके देतायत आणि अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवतायत. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या तोंडून, नुकताच उपासनेतून आल्यामुळे असेल, आपोआप निघालं, "आमेन."

आणि पोर रडायला लागलं.

रेवणप्पा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. पोराला हलवावं की तोंड लपवावं, हे त्यांना ठरवता येईना. अंजूनं पोर घेतलं नाही. ती पुढं झाली, आणि पोरासकट बापाच्या छातीला कपाळ टेकवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं समजून रेवणप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं, ती हसतही होती.

"पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं, अप्पा," ती म्हणाली.

"मंग पुन्ना पुन्ना काहून म्हनाया लावलंस?"

"पुन्हा ऐकावंसं वाटलं."